डावा कौल

आमच्या वाडीत टेलिफोन आला त्याच्या कितीतरी आधीपासून तो आमच्या घरात होता, आणि तो मी होते. त्याचं असं, की माझी आई आणि माझा तात्या, म्हणजे बाबांचा थोरला भाऊ, एकमेकांशी बोलत नसत. भांडण वगैरे काही नव्हतं हो, रीतच तशी होती. धाकट्या भावाच्या बायकोने थोरल्या दिरासमोर पदर पुढे ओढायचा, नजर खाली ठेवायची आणि जे काय सांगायचं ते तिसऱ्या माणसाकरवी सांगायचं. बाबा मुंबईला गोदीत, माझा भाऊ शाळा संपताच त्यांच्यामागे गेलेला, आणि तात्याची बायको, माझी काकी, मी रांगत असतानाच वारली. तिला मूलबाळ नव्हतं. घरात उरलो आम्ही तिघं, त्यातली दोघं एकमेकांशी बोलत नाहीत म्हटल्यावर तिसरं माणूस कोण हे वेगळं सांगायला नको. आई चुलीपाशी बसून म्हणायची, "नंदे, भावजींना विचार, कुळथाची पिठी करू की सार." तात्या ओटीवर, मध्ये एक उघडं दार. त्याला सगळं स्वच्छ ऐकू जायचं. तरी तो माझी वाट बघत सुपारी कातरत बसायचा. मी जाऊन विचारलं की विचारात पडल्यासारखं करायचा आणि म्हणायचा, "आवशीला सांग, पिठी." तेही आईला ऐकू गेलेलं असायचं, तिने पिठाचा डबा पुढ्यात ओढलेलाही असायचा, पण मी येऊन सांगेपर्यंत झाकण काही उघडायचं नाही. मला सार हवं असलं की मी बिनदिक्कत 'सार' असा निरोप आणायचे. पण मूळ निरोप दोघांनीही ऐकलेला असल्यामुळे तो डाव एकदाही साधला नाही.

तात्याला आम्ही सगळे अरे-तुरे करायचो. पुढे घाटावरच्या मैत्रिणी ते ऐकून तोंडावर हात ठेवायच्या, पण आमच्याकडे जवळच्या माणसाला अहो-जाहो केलं की त्यालाच वाटतं, आपलं काही चुकलं की काय. तात्या उंच, काटकुळा, आणि कमरेला आकडीत अडकवलेला कोयता. तो चालायला लागला की कोयता आकडीत वाजायचा, आणि त्या आवाजावर आई पदर सावरायची. भातशेती, आंब्याची चार कलमं, गुरं, घराची शाकारणी, सगळं त्यानेच सांभाळलं. दोन भावांपैकी एकाने मुंबईला जायचं आणि एकाने घराचं दार उघडं ठेवायचं, असं कधीतरी ठरलं असणार. बाबा गेले, तात्या राहिला. त्याबद्दल तो कधी तक्रार करायचा नाही. टोमणे मात्र मारायचा, आणि ते मारायला त्याला माणूस लागायचं. संध्याकाळी तो देवळात जायचा, घंटा वाजवायचा, ती आमच्या मागच्या पडवीत ऐकू यायची आणि आई तव्यावर भाकरी टाकायची. भाकरी फुगेपर्यंत तात्या दारात आलेला असायचा.

परवा माझी भाची लॅपटॉप घेऊन माझ्याकडे येऊन बसली. तिला एका कॉलेजात जायचंय, जिथे सगळे विषय मिळून शिकवतात, मुलं थोडी असतात आणि सगळ्यांनी तिथेच राहायचं असतं. लिबरल आर्ट्स म्हणतात त्याला. तिच्या आईबापांनी अर्ज भरायच्या आधीच सगळ्या नातेवाइकांना मोबाइलवर कळवून टाकलंय. मला हसूच आलं. मी अशा कॉलेजात जायला निघाले तेव्हा लोकांना हे सांगायचं कसं, हीच मुख्य अडचण होती. आमच्या हायस्कूलच्या मराठीच्या बाईंनी ते कॉलेज शोधून काढलं होतं. रत्नागिरीच्या पलीकडे, समुद्रावरच्या एका सड्यावर, म्हणजे उघड्या कातळमाळावर, जांभ्या दगडाच्या चार बैठ्या इमारती. विज्ञानवाल्यांनी कविता वाचायच्या, कवितावाल्यांनी विहिरीचं पाणी तपासायचं, शिक्षकांनी आणि मुलांनी एका पंगतीला जेवायचं आणि भांडी आपापली घासायची. बाई घरी येऊन हे सगळं अगदी रंगवून सांगत होत्या. आई दाराआड उभी. तात्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हणजे लाइन कुठली? बाई म्हणाल्या, लाइन नाही, सगळंच. तात्या म्हणाला, सगळंच तर आम्ही घरीही करतो, भांडीसुद्धा घासतो, त्याला सड्यावर कशाला जायला हवं.

वाडीत बातमी पसरली ती प्रत्येकाच्या सोयीने. कोणी म्हणालं नंदी नर्स व्हायला चालली, कोणी म्हणालं मठात चालली, एक म्हातारी तर आईला येऊन विचारून गेली की पोरीला काही दुखणं आहे का, हवापालटाला समुद्रावर पाठवताय म्हणून. बाकीच्या मुलींचं कसं सरळ होतं. डी.एड. केलं की मास्तरीण, नर्सिंग केलं की नर्स, नाहीतर लग्न. माझं काय होणार हे एका शब्दात सांगता येत नव्हतं, आणि आमच्याकडे जे एका शब्दात सांगता येत नाही त्याबद्दल लोक वाईटच धरून चालतात. खरं सांगायचं तर मलाही काही कळलेलं नव्हतं. मला फक्त एवढं कळलं होतं, की तिथे कोणाचा निरोप कोणाला सांगायचा नाही. त्या एका गोष्टीसाठी मी जायला तयार होते, आणि तेच मी कोणाला सांगू शकत नव्हते, कारण मी गेले तर त्या घरात दोन माणसं मुकाट्याने बसून राहतील हे मला दिसत होतं.

अर्जात 'स्वतःबद्दल लिहा' असं होतं. भाचीला तेच लिहायचंय आणि तिला त्यासाठी मुंबईत शिकवणी लावली आहे. मला शिकवणी घरातच होती. मी ओटीवर कागद घेऊन बसले तर तात्या समोर येऊन सांगायला लागला, लिही, भाताची खाचरं एवढी, कलमं एवढी, बैलजोडी एक, विहीर सामाईक. मी म्हटलं, अरे हा सातबारा झाला, माझ्याबद्दल लिहायचंय. त्यावर तो बुचकळ्यात पडला. तुझ्याबद्दल वेगळं काय हाय, म्हणाला. आतून आई म्हणाली, "भावजींना सांग, पोर गुणाची हाय असं लिहायला सांगा, फक्त सकाळी उठवत नाय ते लिहू नको म्हणावं." तात्या म्हणाला, "आवशीला सांग, तेच खरं हाय, तेच ती लिहील." असा बराच वेळ माझ्याबद्दलचा मजकूर माझ्याच तोंडून इकडून तिकडे जात होता. शेवटी मी कंटाळून तेच लिहिलं, की मी आमच्या घरात निरोप सांगते, आणि एक दिवस कसा जातो ते तसंच्या तसं उतरवून काढलं.

त्यावरून कॉलेजवाल्यांनी भेटायला बोलावलं. तात्या बरोबर आला. त्याने धुतलेला सदरा घातला, टोपी घातली आणि पिकलेला बरका फणस पोत्यात घालून घेतला. मोकळ्या हाताने कसं जायचं, म्हणाला. संगमेश्वरात एसटी मिळाली ती हातखंब्यापर्यंत, तिथे उतरून रत्नागिरीची, आणि स्टँडावरून पुढे सड्याची. प्रत्येक गाडीत कंडक्टर आधी फणसाकडे बघायचा आणि मग आमच्याकडे. आता चौपदरी रस्त्यात हातखंब्याचा तिठा ओळखूसुद्धा येत नाही, पण मी अजून तिथून गेले की मला तो फणसाचा वास येतो आणि शेजारी बसलेला, पोतं दोन पायांत धरलेला तात्या आठवतो. कॉलेजात पोचेस्तोवर पोत्याला ओल आली होती. मुलाखत घेणाऱ्या तिघांपैकी मधले, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, त्यांनी फणस स्वतः उचलून खिडकीत ठेवला आणि तात्यालाही बसा म्हणाले. मुलाखतीला पालकाला बसवत नाहीत, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. बहुधा त्यांनाही ते माहीत नसावं.

त्यांनी माझे गुण विचारले नाहीत. मी लिहिलेलं त्यांच्या पुढ्यात होतं आणि त्यांना त्यातच फार मजा येत होती. दोघांनाही ऐकू जातं तर मग तुझा उपयोग काय, असं त्यांतल्या बाईंनी विचारलं. मी म्हटलं, ऐकू जाणं वेगळं आणि सांगितलं जाणं वेगळं. तात्या माझ्याकडे बघायलाच लागला. मग मोठ्या सरांनी विचारलं, की तू कधी निरोपात आपलं काही घालतेस का. मी सार आणि पिठीचं सांगितलं. तिघंही हसले. तात्याचे कान लाल झाले, कारण घरातली गोष्ट अशी परक्यांच्या टेबलावर मांडलेली त्याला आवडली नसणार. तो खुर्चीतल्या खुर्चीत पुढे सरकून म्हणाला, आता माझं एक विचारू का. सर म्हणाले, विचारा की.

"हिकडे शिकून पोर काय होईल?"

आमच्या बाई असत्या तर त्यांनी व्यक्तिमत्त्व आणि विकास आणि काय काय सांगितलं असतं. मोठे सर खिडकीतल्या फणसाकडे बघत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "ते मला माहीत नाही. तिलाही अजून माहीत नसेल. ती इथे राहील तेवढे दिवस आम्ही तिच्याशी खोटं बोलणार नाही, एवढं सांगतो." तात्याने मान हलवली आणि टोपी नीट केली. परतीच्या वाटेवर मात्र त्याने मला नाही नाही ते ऐकवलं. हातखंब्याला चहा पिताना चहावाल्याला सांगितलं, एसटीत शेजाऱ्याला सांगितलं, वाडीत उतरल्यावर पारावर बसून सगळ्यांना सांगितलं, की मुख्य मास्तरालाच माहीत नाय पोर काय होणार, असलं कॉलेज. लोक मांड्या थोपटून हसले. मी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडले. माझं जाणं संपलं असं मी धरून चालले.

आणि मग बाईंकरवी कळलं, की मला घेतलंय. आई देव्हाऱ्याशी साखर ठेवून आली, पण माझ्याकडे बघेना. भावजी म्हणतील ते, एवढंच म्हणाली. तात्या म्हणाला, कौल लावू.

ज्यांना आमच्याकडची माहिती नाही त्यांना सांगते. काही मोठं काम काढायचं असेल, विहीर खणायची, लग्न ठरवायचं, जमिनीचा तंटा मिटवायचा, तर ग्रामदेवाला विचारल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. गुरव देवाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या फुलांच्या पाकळ्या चिकटवतो, त्यांना कळे म्हणतात. उजवा कळा आधी पडला तर होय, डावा पडला तर नाही. विचारणाऱ्याने आपला प्रश्न मनातल्या मनात धरायचा. मोठ्याने बोलायचा नाही, कारण मोठ्याने बोलला तर देवाच्या आधी वाडीच उत्तर देते. त्या दिवशी अर्थात काही लपायचा प्रश्न नव्हता. तात्या काय विचारणार हे लहान पोरालाही ठाऊक होतं, म्हणून झाडून सगळे आले होते. बाळा गुरवाने कळे लावले, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं, की बा महाराजा, हा तुझा लेक जी काय गोष्ट मनात धरून तुझ्या पायाशी उभा हाय, ती तू ओळख आणि खरा काय तो निवाडा दे. सगळ्यांनी "होय महाराजा" म्हटलं. मी आईच्या मागे खांबाला टेकून उभी होते आणि मनात एकच धरलं होतं, उजवा, उजवा, उजवा. तात्याने डोळे घट्ट मिटले होते. त्याचे ओठ हलत होते. एरवी देवाशी अरे-तुरेत गप्पा मारणारा हा माणूस, त्या दिवशी त्याच्या कपाळावर घाम आला होता.

डावा पडला. अगदी टप्पकन पडला, जरासुद्धा रेंगाळला नाही. लोकांनी च्‌-च्‌ केलं आणि थोड्या समाधानाने घरी गेले. तात्या मात्र हललाच नाही. गुरवाने दोनदा हाक मारली तेव्हा कुठे त्याने डोळे पुसल्यासारखं केलं आणि पायऱ्या उतरला. घरी आल्यावर मला म्हणाला, आवशीला सांग, जेवायला नको. मी ते सांगितलं नाही. त्या दिवशी टेलिफोन बंद होता. मी न्हाणीत जाऊन हुंदके देऊन रडले, आणि देवाला, तात्याला, त्या मोठ्या सरांना, ज्यांना थोडं खोटं बोलायला काय झालं होतं, सगळ्यांना शिव्या घातल्या. पुढचे काही दिवस घरात भांड्यांचा तेवढा आवाज होता. आई चुलीशी, तात्या ओटीवर, आणि मध्ये मी, कोणाचं काही कोणाला न सांगता.

त्यानंतर एका सकाळी माळ्यावर खडखडाट झाला. तात्या बाबांची जुनी पत्र्याची ट्रंक खाली काढत होता. ती अंगणात नेली, झुरळं झटकली, ओल्या फडक्याने पुसली आणि उन्हात उघडी ठेवली. आई दारात आली. पदर पुढे, नजर खाली. म्हणाली, "नंदे, भावजींना विचार, देवाने डावा दिलान ना." मी तोंड उघडायच्या आत तात्या ट्रंकेकडेच बघत म्हणाला, "पोर जाईल." माझ्या सबंध जन्मात पहिल्यांदा एक निरोप माझ्याशिवाय पोचला होता. दुपारी बाळा गुरव धावत आला. देव मोडलास, आता पोरीचं बरंवाईट झालं तर, असं काय काय म्हणाला. तात्याने त्याला पाणी दिलं, सुपारी दिली आणि सांगितलं, की देवाचं आणि माझं आम्ही बघून घेऊ, तू आपले कळे लाव. वाडीत पुढे महिनाभर दुसरा विषय नव्हता.

तर अशी मी गेले. तात्याने ट्रंक डोक्यावरून सड्यापर्यंत आणली, तांदळाची पिशवी स्वयंपाकघरात दिली आणि परतीच्या एसटीत बसला. कॉलेजचं काय सांगू. पहिले दिवस मी फक्त वाऱ्याला आणि समुद्राच्या आवाजाला घाबरले. आम्ही डोंगरातली माणसं, आम्हाला नदी पुरे. मुंबईच्या मुली माझं 'केलंन', 'म्हटलंन' ऐकून मलाच ते पुन्हा म्हणायला लावायच्या. बंदराकडची एक मुलगी होती, तिने मला बांगडा साफ करायला शिकवलं आणि मी तिला भात कसा पेजेसकट खायचा ते दाखवलं. पदार्थविज्ञानाचे सर चपात्यांची कणीक मळताना घर्षण शिकवायचे, आणि चपात्या कडक झाल्या की त्याचंही कारण सांगायचे. संध्याकाळी सगळे सड्यावर गोल करून बसत आणि कुठल्या तरी प्रश्नावर वाद घालत. तिथे माझी पंचाईत व्हायची. माझी पाळी आली की मी म्हणायचे, आमचे तात्या म्हणतात की, नाहीतर आमच्याकडे असं म्हणतात की. मुलाखतीतल्या बाई एकदा म्हणाल्या, ते काय म्हणतात ते समजलं, नंदा काय म्हणते? मी पुष्कळ वेळ शोधलं. आत काही सापडेना. त्या थांबून राहिल्या, इतर सगळेही थांबून राहिले, आणि मला तिथल्या तिथे जमिनीत जावंसं वाटलं.

पण हळूहळू जमायला लागलं. मी पहिला माझा म्हणून निबंध लिहिला तो तात्यावर. माझ्या काकाने माझ्या शिक्षणासाठी देवाचा शब्द मोडला, अशी सुरुवात होती. अंधश्रद्धेच्या बेड्या, पुरोगामी शेतकरी, असले नवीन शिकलेले शब्द मी त्यात सढळ हाताने घातले होते, आमच्या घरी पाहुणे आले की आई पोह्यांवर खोबरं घालते तसे. तो सगळ्यांसमोर वाचला तेव्हा टाळ्या पडल्या. घाटावरची एक मुलगी म्हणाली, असा काका पाहिजे. मी आठवडाभर हवेत होते.

भातकापणीच्या सुट्टीत तो निबंध घेऊनच घरी गेले. दारात पाय ठेवला तर आतून आईचा आवाज आला, "ठमे, भावजींना सांग, नंदी आली." मी बघते तर चुलीपाशी एक ढवळं मांजर बसलेलं. ओटीवरून तात्या म्हणाला, "ठमे, आवशीला सांग, बघितली मी, दिसतंय मला." मांजर जागचं हललंही नाही, शेपूट तेवढी हलवली. मला हसू आवरेना आणि आत कुठेतरी दुखलंही. माझ्यावाचून यांचं अडेल या काळजीने मी किती वेळा रडले होते, आणि माझं काम एक मांजर न उठता करत होतं. त्या दिवशी कुळथाची पिठी होती, ताजा भात आणि आईने माझ्यासाठी राखून ठेवलेलं आंब्याचं लोणचं. मांजरालाही विचारून झालं, की नंदीला अजून भात हवा का.

दुसऱ्या दिवशी खळ्यात भात झोडत होतो. दुपारी सावलीला पाणी प्यायला बसलो तेव्हा मी निबंध काढला आणि तात्याला मोठ्याने वाचून दाखवला. तो कान देऊन ऐकत होता. पुरोगामी आलं तेव्हा मान हलवली, बेड्या आल्या तेव्हा भुवया वर गेल्या, आणि देवाचा शब्द मोडला तिथे तो जो हसायला लागला तो थांबेना. हसता हसता ठसका लागला, मला पाठ थोपटावी लागली. मी चिडले. म्हटलं, यात हसण्यासारखं काय आहे?

"मी देव कधी मोडला गो?"

मी म्हटलं, पाठवू का म्हणून तू विचारलंस, देवाने नाही म्हटलं, तरी तू पाठवलीस.

"पाठवू का असं मी विचारलंच नाय," तात्या म्हणाला. "ते माझं काम. त्यात देवाला कशाला त्रास. तो मोठा सर माहीत नाय म्हणालान ना, तेव्हाच माझं ठरलं होतं. आजवर पोरांना न्यायला आलेल्या एकाही माणसाने मला खरं सांगितलंन नव्हतं. तुझ्या बापाला नेलंन तोही सांगत होता, दोन वर्षांत येईल माघारी."

मग काय विचारलंस, असं मी विचारलं. मला वाटतं तोवर मला कळलं होतं, पण ऐकायचं होतं. तो पेंढ्यातली एक काडी काढून मोडत बसला.

"ही गेली तर पुन्हा घरात राहायला येईल काय, एवढंच विचारलं."

ऊन चांगलं कडक होतं, खळ्यात भाताचा पिवळा ढीग पडला होता. माझ्या हातातला तो निबंध कुठे ठेवावा ते मला कळेना. एवढं कळूनही मला का पाठवलीस, असं मी विचारलं. तात्या म्हणाला, आधी कळलं ते बरंच झालं, तयारीला वेळ मिळाला, गुरवाच्या घरी मांजर व्यालं होतं, त्यातलं एक आणलं. ते तो इतक्या सहज म्हणाला की मला एकदम रडू कोसळलं. मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, मी येणार तात्या, शिकून इथेच येणार, बघ तू, तुझ्या देवाला खोटा पाडणार.

त्याने पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.

"पाड गो बाय," तात्या म्हणाला. "मी रोज संध्याकाळी जातंय ना देवळात, मी पण त्याला तेच सांगतंय. बाबा, एवढ्या एका बाबतीत खोटा पड."

मी त्या कॉलेजात आणखी तीन वर्षं राहिले, मग पुण्याला गेले, मग नोकरी, लग्न, मुलं. गणपतीला गेले, शिमग्याला गेले, आई आजारी होती तेव्हा लागोपाठ पंधरवडे गेले. राहायला गेले नाही. तात्या शेवटपर्यंत रोज देवळात जात होता.